जँगो, लाराव्हेल की एक्सप्रेस? आधी मुद्दाम मोडून बघा, मग ठरवा

जँगो, लाराव्हेल, एक्सप्रेस ही फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप बांधायचं तयार सामान. इंटरनेटवर त्यांची तुलना शोधली की सेकंदाला किती रिक्वेस्ट पेलतात याचे तक्ते समोर येतात. रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात तुमचं सॉफ्टवेअर एका वेळी तीन माणसं वापरणार आहेत. त्यांना त्या तक्त्याचा काडीचा उपयोग नाही आणि तुम्हालाही नाही. तुमचा वेळ जाणार आहे तो दुसरीकडेच: "पट्टीवर रक्कम येत नाही" (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायची मालाच्या हिशेबाची पावती) असा फोन आल्यावर चूक नेमकी कुठे आहे ते सापडेपर्यंत. म्हणून फ्रेमवर्क निवडताना मी एकच गोष्ट बघतो. चूक झाल्यावर ते किती लवकर आणि किती स्पष्ट बोलतं?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बीसीए, एमसीए किंवा इंजिनिअरिंग करून नुकत्याच कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पुण्याच्या कंपनीत दहा जणांची टीम असते, अडलं की शेजारच्या खुर्चीवर विचारता येतं. इकडे बहुतेक जण एकटेच काम करतात. सिनिअर नाही, टेस्टर नाही. अशा वेळी एररचा मेसेज हाच तुमचा सिनिअर. तो मुका निघाला तर रात्र गेलीच म्हणून समजा.

काय काय लागेल

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. ४ जीबीवर जँगो, लाराव्हेल चालतील, पण एडिटर, ब्राउझर आणि डेटाबेस सोबत उघडले की रडगाणं सुरू होतं.
- गिट आणि व्हीएस कोड, किंवा सवयीचा असेल तो एडिटर.
- डेटाबेस एकच ठेवा, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. एका फ्रेमवर्कला एसक्यूलाइट आणि दुसऱ्याला मायएसक्यूएल दिलं तर तुलनेला अर्थ राहत नाही.
- जे तपासणार त्याची भाषा: जँगो, फ्लास्कला पायथन; लाराव्हेलला पीएचपी सोबत कंपोझर (पॅकेजं उतरवणारा); एक्सप्रेसला नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा); स्प्रिंग बूटला जावा. आवृत्ती चालू असलेलीच घ्या. उदाहरणार्थ, लाराव्हेल ११ ला पीएचपी ८.२ किंवा पुढचं लागतं, एक्सप्रेस ५ ला नोड १८ किंवा पुढचं, स्प्रिंग बूट ३ ला जावा १७.
- एक वही. खरंच वही.

सगळी पॅकेजं आणि डॉक्युमेंटेशन आधीच उतरवून ठेवा. जँगोचं डॉक्युमेंटेशन पूर्ण ऑफलाइन मिळतं. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की मोबाईलच्या डेटावर कंपोझरची पॅकेजं ओढत बसण्यात मजा नाही.

१. कामाचा नमुना ठरवा, आणि तो टू-डू लिस्टचा नसावा

टू-डू लिस्टमध्ये पैसे नाहीत, तारखेची भानगड नाही, दोन टेबलांचं नातं नाही. त्यामुळे त्यात प्रत्येक फ्रेमवर्क सोपंच वाटतं. मी नेहमी केळीच्या हिशेबपट्टीचं छोटं ॲप घेतो. चार पानं पुरतात:

- शेतकऱ्यांची यादी: नाव, गाव, मोबाईल.
- आवक नोंद: तारीख, वजन क्विंटलमध्ये, भाव, कपात.
- पट्टी: वरच्या नोंदीतून निघणारी रक्कम आणि छापण्याजोगं पान.
- थकबाकी: कोणाचे किती द्यायचे राहिले.

लॉगिन हवंच. मालकाला सगळं दिसावं, मुनीमाला फक्त नोंद करता यावी. केळीत रस नसेल तर नंदुरबारची मिरची घ्या, जिनिंगचा कापूस घ्या. मात्र दशांश चिन्हातले आकडे, तारखा आणि मराठी नावं या तिन्ही गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. चुका तिथेच होतात.

२. दोनच फ्रेमवर्क घ्या

पाच घेतलीत तर एकही पूर्ण होणार नाही. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिल्यात लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, सुरक्षा असं सगळं घरूनच मिळतं: रुबी भाषेतलं रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११). दुसऱ्यात फक्त सांगाडा मिळतो आणि बाकीचं तुम्ही जोडायचं: फ्लास्क आणि एक्सप्रेस (दोन्ही २०१०), नंतर आलेलं फास्टएपीआय (२०१८). जावाचं स्प्रिंग बूट (२०१४) मोठ्या कंपन्यांत चालतं आणि त्याचा कारभारही तसाच मोठा आहे.

जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलं. बातमी आज संध्याकाळपर्यंत साइटवर हवी, अशी तिथली घाई. त्याचं ॲडमिन पॅनेल बघितलं की ती घाई कळते: टेबल लिहिलं की नोंदी भरायचं पान तयारच.

एक पहिल्या घराण्यातलं आणि एक दुसऱ्यातलं अशी जोडी घ्या. जँगो आणि एक्सप्रेस, किंवा लाराव्हेल आणि फ्लास्क.

३. घड्याळ लावून बांधा

वहीत चार वेळा टिपा. पहिलं पान दिसेपर्यंत किती वेळ गेला, लॉगिन चालेपर्यंत किती, पहिली पट्टी निघेपर्यंत किती, आणि आवक नोंदीत "वाहतूक खर्च" हा नवा रकाना घालायला किती. शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा. व्यापारी दर आठवड्याला नवीन रकाना मागतो.

कोडच्या ओळी मोजू नका. एक्सप्रेसचं पहिलं पान दहा ओळींत येतं आणि माणूस खूश होतो. मग लॉगिनला कोणती लायब्ररी, डेटाबेसला प्रिझ्मा की सिक्वलाइझ, फॉर्म तपासायला काय, या निवडीत दिवस मावळतो. तो वेळही वहीत लिहा. लोक तो लिहीत नाहीत आणि मग एक्सप्रेस हलकंफुलकं असल्याचं सांगत फिरतात.

४. आता मुद्दाम मोडा

ही पायरी गाळणार असाल तर बाकीचं केलं नाही तरी चालेल. चालू ॲपमध्ये स्वतःच्या हाताने चुका घाला आणि फ्रेमवर्क काय म्हणतं ते बघा. प्रत्येक चुकीसाठी वहीत तीन गोष्टी: एरर दिसला का, फाइल आणि ओळ सांगितली का, उपाय सुचवला का.

*टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) नाव चुकवा.* पट्टीच्या पानावर रकमेच्या व्हेरिएबलचं स्पेलिंग बिघडवा. लाराव्हेल लगेच ओरडतं की असं व्हेरिएबलच नाही, आणि ओळही दाखवतं. जँगो काहीच बोलत नाही. तिथे रिकामी जागा छापतं आणि पुढे जातं. फ्लास्कच्या जिंजा टेम्प्लेटचंही मुळात तसंच, पण त्यात कडक सेटिंग करता येतं. जँगोचा मी चाहता आहे, पण त्याची ही सवय मला कधीच पटली नाही. रकमेशिवाय छापलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली तर बोलणी कोण खाणार?

*क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) नाव चुकवा.* इथे जँगो फेडून टाकतं. शेतकऱ्याच्या टेबलात नसलेल्या रकान्यावर फिल्टर लावा. असा रकाना नाही, असलेले रकाने हे हे, अशी सगळी यादीच एररमध्ये देतं. एररचा मेसेज कसा असावा याचा हा नमुना आहे.

*मायग्रेशन (कोडमधला बदल डेटाबेसच्या टेबलात उतरवणारी पायरी) चालवू नका.* नवीन रकाना कोडमध्ये घाला, डेटाबेसमध्ये नको. रेल्स थांबतं, मायग्रेशन बाकी आहे म्हणतं आणि ते चालवायचं बटण त्याच पानावर देतं. जँगोत मायग्रेशनची फाइल तयार करून ती चालवायची राहिली असेल, तर सर्व्हर सुरू करताना टर्मिनलवर ताकीद येते. फाइलच केली नसेल तर ताकीदही नाही, थेट डेटाबेसचा एरर. एक्सप्रेसमध्ये काय होईल ते तुम्ही जोडलेल्या लायब्ररीवर अवलंबून.

*असिंक्रोनस फंक्शनमध्ये (उत्तराची वाट बघत बाकीचं काम चालू ठेवणाऱ्या) एरर फेका.* हा एक्सप्रेसचा जुना सापळा. चौथ्या आवृत्तीत असा एरर फ्रेमवर्कच्या हाती लागतच नाही. जुन्या नोडवर ब्राउझर नुसता गोल गोल फिरत राहायचा. नोड १५ पासून पूर्ण प्रोसेसच कोसळते, म्हणजे एका मुनीमाच्या चुकीने सगळ्यांचं काम बंद. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत हा एरर सरळ एरर हँडलरकडे जातो. युट्यूबवरचे बरेच धडे अजून चौथ्या आवृत्तीचे आहेत, तेव्हा बघण्याआधी आवृत्ती तपासा.

*वजन गुणिले भाव.* वजन फ्लोटमध्ये (जवळपासचा दशांश) आणि भाव डेसिमलमध्ये (नेमका दशांश) ठेवून गुणाकार करा. पायथन नकार देतं: डेसिमल आणि फ्लोट यांचा गुणाकार होणार नाही. सुरुवातीला राग येतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं आणि कोणी तक्रार करत नाही. महिनाअखेरीला व्यापाऱ्याच्या वहीत आणि तुमच्या स्क्रीनवर काही पैशांचा फरक पडला की तो पैशांचा फरक राहत नाही, विश्वासाचा होतो. नोडवर काम करायचं असेल तर रक्कम पूर्णांक पैशांत साठवा, किंवा डेसिमलची लायब्ररी पहिल्या दिवशीच घ्या.

*फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची गुप्त खूण) काढा.* जँगो ४०३ देतं आणि डीबग (एररचा तपशील दाखवणारं सेटिंग) चालू असेल तर कारण समजावून सांगतं. लाराव्हेल ४१९ देतं आणि पान कालबाह्य झालं एवढंच म्हणतं. नवख्याला वाटतं इंटरनेट गेलं. ४१९ दिसलं की आधी टोकन बघायचं, हे पाठ करून टाका.

*न भरणारा रकाना.* लाराव्हेलमध्ये मॉडेलच्या फिलेबल यादीत (एकदम भरायची परवानगी असलेले रकाने) नवीन रकाना लिहायचा विसरा. तो रकाना गुपचूप गाळला जातो. याच्यावर औषध आहे: डेव्हलपमेंटमध्ये मॉडेलचा शुड-बी-स्ट्रिक्ट पर्याय चालू करा. मग गाळलेला रकाना आणि आळशी लोडिंग (जोडलेली नोंद गरज पडल्यावर वेगळ्या क्वेरीने आणणं), दोन्हींवर एरर येतो. नवीन प्रोजेक्टमध्ये माझं हे पहिलं काम.

*पन्नास पट्ट्यांची यादी.* प्रत्येक पट्टीसोबत शेतकऱ्याचं नाव दाखवा. साध्या पद्धतीने लिहिलंत तर एकाऐवजी ५१ क्वेऱ्या जातात: एक यादीची आणि पन्नास नावांच्या. तुमच्या लॅपटॉपवर काही जाणवणार नाही, डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर गेला की पान रांगू लागेल. जँगोला डीबग टूलबार जोडा, क्वेऱ्यांचा आकडा पानाच्या कडेलाच दिसतो. मग सिलेक्ट-रिलेटेड (जोडलेलं टेबल त्याच क्वेरीत आणणारं) लावा आणि आकडा खाली आलेला डोळ्यांनी बघा. लाराव्हेलला डीबगबार किंवा टेलिस्कोप आहे.

स्प्रिंग बूट घेतलं असेल तर एकच सूचना. एररची शंभर ओळींची रांग वरून वाचू नका. खाली जा, सर्वात शेवटचं "कॉज्ड बाय" शोधा, खरं दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं.

५. डीबगर चालवून बघा

प्रिंट टाकून चूक शोधणं वाईट नाही, पण त्यावरच आयुष्य काढू नका. पायथन ३.७ पासून कोडमध्ये ब्रेकपॉइंट हे फंक्शन लिहिलं की कोड तिथे थांबतो आणि टर्मिनलवर एकेक व्हेरिएबल विचारता येतं. बाहेरचं काही बसवावं लागत नाही. लाराव्हेलमध्ये डीडी लिहिलं की आतला सगळा माल नीट मांडून दिसतो आणि काम तिथेच थांबतं; टिंकर उघडून डेटाबेसशी थेट गप्पाही मारता येतात. मात्र ओळीओळीने पुढे जायचं असेल तर एक्सडीबग बसवावं लागतं, आणि त्यात एक खड्डा आहे: तिसऱ्या आवृत्तीपासून पोर्ट ९००३ झाला. जुन्या लेखांत ९००० असतो. ब्रेकपॉइंटवर थांबत नाही म्हणून डोकं धरून बसलेले निम्मे लोक याच आकड्यात अडकलेले असतात.

नोडला इन्स्पेक्ट पर्याय देऊन सुरू केलं की क्रोममधलाच डीबगर सर्व्हरच्या कोडला लागतो. हे खरंच छान आहे आणि फार कमी मुलं वापरतात.

फ्लास्कचा डीबगर सर्वात गमतीचा: एररच्या पानावरच प्रत्येक ओळीशेजारी कन्सोल उघडतो. पिन विचारतो, तरी हे पान चुकूनही इंटरनेटवर जाऊ देऊ नका. तो कन्सोल म्हणजे तुमच्या सर्व्हरवर कोड चालवायचा परवाना आहे.

६. मराठीची परीक्षा

परदेशी तुलनांमध्ये हे नसतंच. आपल्याला मात्र पहिल्या आठवड्यातच नडतं.

वेब पत्त्यासाठी मराठी शीर्षकाचा स्लग (पत्त्यात चालेल असं रूप) करून बघा. जँगोचं स्लगिफाय "केळी" दिलं की मुळात रिकामं काहीतरी परत देतं. युनिकोड चालू केलं तर "कळ" येतं, कारण पायथनची पॅटर्न लायब्ररी काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नाही. म्हणजे केळी, कळी आणि काळी यांचा पत्ता एकच. मराठी पानांचे पत्ते नोंदीच्या क्रमांकावरून करा आणि सुटा.

पट्टीची पीडीएफ काढा आणि त्यात "मिरची" आणि "सूर्यवंशी" हे दोन शब्द छापा. डॉमपीडीएफमध्ये (पीएचपीची पीडीएफ लायब्ररी) वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर छापली जाते आणि रफार तुटतो. पीएचपीत एमपीडीएफ वापरा, पायथनमध्ये वीझीप्रिंट. नाहीतर सरळ क्रोम पडद्याआड चालवून पान छापा. यादी एक्सेलला द्यायची असेल तर सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोड आहे हे सांगणारी खूण) हवा, नाहीतर मालकाला नावांच्या जागी किडेमकोडे दिसतात.

मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुन्या तीन बाइटच्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी मावते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. कोणी शेरा लिहिताना इमोजी टाकला की नोंदच अडते. ग्राहकाची जुनी यादी शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदला, त्याचे पैसे वेगळे सांगा.

आणि वेळ. जँगो आणि लाराव्हेल दोघंही नव्या प्रोजेक्टला यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) देतात. केळीची गाडी पहाटे चारला भरली आणि नोंद तेव्हाच केली, तर यूटीसीत अजून कालचीच तारीख असते. पट्टीवर कालची तारीख, भाव आजचा. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता टाका आणि मुद्दाम रात्री बारा ते साडेपाचच्या मधली वेळ देऊन तपासा.

७. डीबग बंद करून सर्व्हरवर टाका

लॅपटॉपवरचा एरर गोड असतो, सर्व्हरवरचा कोरडा. म्हणून तुलना इथपर्यंत न्या.

जँगोत डीबग बंद केलं की दोन धक्के बसतात. अलाउड होस्ट्समध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) डोमेन नसेल तर प्रत्येक पानावर ४०० येतं, आणि स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं) गायब होऊन पान उघडंबोडकं दिसतं. दोन्ही ठरवून केलेलं आहे, बिघाड नाही. लाराव्हेलमध्ये कॉन्फिग कॅश केल्यावर, कॉन्फिग फाइल्सच्या बाहेर वापरलेलं एन्व्ह फंक्शन (पासवर्ड, की असलेली एन्व्ह फाइल वाचणारं) नल, म्हणजे रिकामं, देऊ लागतं. लॅपटॉपवर चालणारी गोष्ट सर्व्हरवर बंद पडण्याचं हे नेहमीचं कारण. स्टोरेज फोल्डरला लिहायची परवानगी आहे का तेही बघा, नाहीतर एरर लॉगमध्येसुद्धा उतरणार नाही.

डीबग चालू ठेवून साइट लाइव्ह करू नका. जँगो पासवर्ड आणि की झाकतं, पण बाकीचं घर उघडंच असतं.

८. कौल

माझं मत सांगतो, पटलं नाही तर तुमची वही खरी. ग्राहकाकडे स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग आधीच असेल तर लाराव्हेल. ऑफिसातल्या नोंदी, अहवाल, आकडेमोड असं काम असेल आणि छोटा स्वतंत्र सर्व्हर घेता येत असेल तर जँगो. ॲडमिन पॅनेलनेच अर्धं काम होतं. चॅट किंवा थेट बदलणारे भाव दाखवायचे असतील तर नोडला अर्थ आहे, पण एकट्या नवख्याने त्यात पूर्ण हिशेबाचं सॉफ्टवेअर बांधायला घेऊ नये. स्प्रिंग बूट नोकरीसाठी शिका, भुसावळच्या दुकानाच्या बिलिंगसाठी नको. रेल्सचे एरर मला सगळ्यात आवडतात, पण आपल्या भागात ते येणारा दुसरा माणूस मिळत नाही, आणि तुम्ही काम सोडलंत तर ग्राहक अडकतो.

९. अडलात तर असं विचारा

कुठल्याही ग्रुपवर विचारताना मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. त्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते. पूर्ण ट्रेसबॅक (एररच्या ओळींची रांग) मजकूर म्हणून चिकटवा. फ्रेमवर्कची आणि भाषेची आवृत्ती लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन ओळी लिहा. एन्व्ह फाइल चिकटवू नका. चिकटवली असेल तर मेसेज डिलीट करून भागत नाही, त्यातले पासवर्ड आणि की त्याच क्षणी बदला.